एका घरचं दुसऱ्या घरी

सर : तिसऱ्या पानावरचं ते वाक्य परत वाच. समिती तिथेच थांबते, पुढचं कोणी वाचत नाही.

ताई : ‘या अभ्यासातून एकही घर गेल्या सहा वर्षांत गळलेलं नाही.’

सर : बघ. निर्वासितांवर संशोधन करणाऱ्या कुणाला असं लिहिता येतं? माणसं वस्ती बदलतात, देश बदलतात, आणि अभ्यास करणारे हात हलवत परत येतात. आपली घरं जागच्या जागी आहेत. या एका वाक्यावर पुढच्या तीन वर्षांचं अनुदान निघेल.

ताई : जागच्या जागी आहेत, कारण त्यांना जायला जागा नाही, सर.

सर : ते चौथ्या पानावर घातलंय. जरा सभ्य शब्दांत. आता सुरुवात वाच, शिंपिणीची.

ताई : मला पाठ आहे. नवरा पुढे गेला, काम मिळालं की बोलावतो म्हणाला. निरोप नाही. बायको गोदामातल्या त्याच खोलीत शिलाई करते, मुलीला वाढवते आणि वाट बघते.

सर : ‘वाट पाहणारी घरं’ असं प्रस्तावाचं नाव, आणि पहिल्याच परिच्छेदात ती. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आधी पोहे बाहेर येतात, तसं आहे हे. पहिला घास बरा लागला पाहिजे. तुझा चेहरा का असा?

ताई : तिचा नंबर लागलाय. पुनर्वसन कचेरीतून बोलावणं आलं. तिला आणि मुलीला, दूरच्या देशात, कायमचं घर.

सर : अरे वा. म्हणजे वाईट झालं. म्हणजे, आपल्यासाठी. जाते का?

ताई : नाही म्हणणार आहे. मागच्या खेपेलाही नाही म्हणाली होती. या खेपेनंतर विचारणार नाहीत. उद्या संध्याकाळी कचेरीतली खिडकी बंद होते.

सर : मग राहते ती. उद्या तू प्रश्नावली घेऊन जातेच आहेस, पुढच्या तीन वर्षांची संमतीही घेऊन टाक.

ताई : सर, तो सापडलाय.

सर : कोण?

ताई : तिचा नवरा. मागच्या महिन्यात बंदरावर गेले होते ना मी, पुढे गेलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायला. त्यातला एक. अर्धी मुलाखत होईपर्यंत मला कळलंच नाही. मग म्हणाला, बायको शिंपीण आहे, मुलीच्या कपाळावर जन्मखूण आहे म्हणून तिला टिकली म्हणतो. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

सर : नक्की तोच?

ताई : टिकलीचं हसणं त्याच्यावर गेलंय. बेकरीत कामाला आहे. मांडीवर पोर होतं. आत एक बाई भांडी लावत होती. दुसरं घर केलंय त्याने.

सर : तू काय केलंस?

ताई : पुढचा प्रश्न विचारला. दुसरं काय करणार? निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, तिकडे जात असाल तर सांगू नका. मी आपलं छापील वाक्य वाचून दाखवलं, ‘तुम्ही सांगितलेलं एका घरचं दुसऱ्या घरी जाणार नाही.’ वर मानही हलवली.

सर : मग झालं तर. शब्द दिलास.

ताई : दिला.

सर : हे बघ, तो नियम मी समितीला खूश करायला घातलेला नाही. याच्या आधीच्या अभ्यासात आपल्या एका पोराने बोलता बोलता सांगून टाकलं, अमका माणूस अमक्या गल्लीत राहतो. चार दिवसांत त्याला शोधणारे तिथे पोचले. तो माणूस अजून लंगडतो. तू नव्हतीस तेव्हा. दवाखान्यात मी जाऊन बसलो होतो.

ताई : इथे कुणी कुणाला मारायला जाणार नाहीये.

सर : तेव्हाही आम्हाला असंच वाटलं होतं. कुणाचं सांगायचं आणि कुणाचं नाही हे आपण ठरवायला लागलो, की उद्या कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही.

ताई : पण ती त्याच्यासाठी नाही म्हणतेय, सर. येणाऱ्याला दार सापडावं म्हणून. आणि तो येणार नाही. हे तिला सोडून आपल्या दोघांना माहीत आहे.

सर : आता मलाही सांगितलंस, हेही खरं तर चुकलंच.

ताई : तिने वाट बघितली की आपलं पहिलं पान टिकतं. हे तुम्हाला खटकत नाही?

सर : खटकतं. पण खटकलं म्हणून नियम खोटा होत नाही. माझ्या सोयीचा आहे, तरीही खरा आहे. तू तिला सांगितलंस तर अर्जात तुझं नाव ठेवता येणार नाही मला. रागाने म्हणत नाही. खाली सही माझी आहे.

ताई : नाव नाही म्हणजे या महिन्यानंतर नोकरी नाही.

सर : हो.

ताई : मला काही वाटतच नाहीये, सर, त्याचीच भीती वाटते. बंदरावरून येताना बसमध्ये मला गाढ झोप लागली. घरी येऊन जेवले, भांडी घासली. आईने विचारलं, कसा झाला प्रवास? मी म्हटलं, गर्दी नव्हती.

सर : सहा वर्षं लोकांची दुःखं रकान्यात भरली की असं होतं. मला कधीपासून झालंय. बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा कपाटाशी बोललेलं बरं, निदान दार तरी उघडतं.

ताई : मग तुम्ही काय करता?

सर : अर्ज लिहितो. उद्या जा, प्रश्न जसे आहेत तसे वाच, उत्तरं लिही आणि ये. पदरचं काही नको. चेहऱ्यानेसुद्धा नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. वस्तीतलं जुनं गोदाम. प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या खोल्यांपैकी एक शिंपिणीची.)

शिंपीण : त्या स्टुलावर नका, त्याचा पाय गेलाय. इकडे कापडांवर बसा, तुमच्या वजनाने इस्त्री तरी होईल.

ताई : काम चालू राहू द्या, वहिनी. मी विचारते तसं सांगा.

शिंपीण : तुम्ही कशाला विचारताय, मीच सांगते. घरात माणसं दोन, बाहेर एक. आजारपण म्हणाल तर टिकलीला खोकला होता, बरा झाला. माझी कंबर आहेच, ती काही बरी होत नाही. पाणी दोनदा येतं. नळावर भांडण एकदा, तेही मीच जिंकले.

ताई : कामाचं?

शिंपीण : शाळेचे गणवेश आलेत. सगळ्या पोरांना एकाच मापाचे शिवायचे म्हणे. जाडी पोरं रडणार, बारकी हरवणार. लिहा, काम बरं आहे.

ताई : वस्तीत कुणाशी बोलणं-चालणं? अडीअडचणीला कुणी?

शिंपीण : पलीकडची न्हाव्याची बायको. भिंत इतकी पातळ आहे की तिला शिंक आली तर मी नाक पुसते. सासूबाई गेल्या तेव्हा तीच रात्रभर बसली होती. सासूबाईंचं लिहिलंत ना मागच्या वेळी?

ताई : लिहिलं होतं.

शिंपीण : शेवटी शेवटी दाराकडे तोंड करूनच झोपायच्या. मी म्हणायचे, आई, कूस बदला, अंग धरेल. ऐकायच्या नाहीत. असो. पुढे?

ताई : पुढे... पुढच्या सहा महिन्यांचा बेत काय आहे?

शिंपीण : बेत कसला? आज संध्याकाळी खिडकीवर जाऊन नाही म्हणून येते, मग बसते गणवेश शिवत. तिथली बाई माझ्याकडे वेड्यासारखी बघते. म्हणते, लोक या कागदासाठी देव पाण्यात घालून बसतात आणि तुम्ही दुसऱ्यांदा नको म्हणता? मी म्हटलं, बाई, आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी तो आला तर? दाराला परक्याचं कुलूप. कुणाला विचारील? न्हावीणबाई तरी किती दिवस इथे आहे?

ताई : टिकली काय म्हणते?

शिंपीण : तिला जायचंय. तिथे शाळेला मैदान आहे म्हणून कुणीतरी सांगितलंय. मी म्हटलं, बाबा येऊ देत, मग तिघं जाऊ. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आणि हे छापलेलं नाहीये तुमच्यात.

ताई : काय?

शिंपीण : टिकली काय म्हणते, हे. हा प्रश्न नाहीये. आणि जो आहे तो तुम्ही गाळलात.

ताई : गाळला?

शिंपीण : भिंतीपलीकडच्या बाईनंतर येतो तो. ‘बाहेर असलेल्या माणसाकडून काही निरोप आला का?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘तो परत येईल असं किती वाटतं?’ अजिबात नाही, थोडं, बरंच, नक्की. सहा वर्षं ऐकतेय. टिकली लहान होती तेव्हा बाहुलीला विचारायची हे.

ताई : चुकून राहिला असेल.

शिंपीण : तुमचं चुकून राहत नाही. सासूबाईंना ताप होता त्या दिवशीसुद्धा तुम्ही विचारलाच होता. खाली मान घालून विचारलात, पण विचारलात.

ताई : विचारते आता.

शिंपीण : थांबा.

ताई : मशीन का बंद केलंत? चालू राहू द्या.

शिंपीण : गेला का तो?

ताई : नाही.

शिंपीण : नाही म्हणजे माहीत नाही, की नाही म्हणजे नाही?

ताई : वहिनी, मला याच्यावर बोलता येत नाही.

शिंपीण : तेवढं एक सांगा. नाही म्हणजे काय?

ताई : नाही म्हणजे नाही.

शिंपीण : बरं. म्हणजे आहे.

ताई : पाणी देऊ?

शिंपीण : नको. मागच्या महिन्यात तुम्ही बंदरावर गेला होता. टिकलीला तिथून रंगीत पेन्सिली आणल्यात. एरवी तुम्ही काही देत नाही, काही घेत नाही. चहासुद्धा नाही. मी म्हटलं, आज ताईंना प्रेम कुठून आलं. तो आजारी आहे का?

ताई : मी शब्द दिलाय.

शिंपीण : कुणाला?

ताई : आमचा नियमच आहे. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही.

शिंपीण : नियम राहू द्या. शब्द दिला म्हणालात. त्याने मागितला, म्हणून दिलात ना?

ताई : हो.

शिंपीण : धडधाकट माणूस, बायकोला कळू नये म्हणून शब्द मागतो. एकट्या माणसाला असला शब्द कशाला लागतोय?

ताई : वहिनी.

शिंपीण : मी आपली विचारतेय. तुम्ही बोलू नका. तुमचं पोट आहे त्याच्यावर.

ताई : तुम्ही जा. आज संध्याकाळी खिडकीवर हो म्हणा आणि जा.

शिंपीण : अर्धं सांगून नका पाठवू मला. अर्ध्यावर मी परत इथेच बसेन. माझं मला माहीत आहे. म्हणेन, असेल काही अडचण, सुटेल. सासूबाई पण हेच म्हणायच्या.

ताई : त्याने दुसरं घर केलंय. बेकरीत काम करतो. एक मूल आहे, वर्षाचं असेल. तब्येत चांगली आहे. तो येणार नाही, वहिनी.

शिंपीण : मुलगा की मुलगी?

ताई : मुलगा.

शिंपीण : हं.

ताई : तो म्हणाला, सांगू नका. टिकलीचं नाव काढलं त्याने, जन्मखुणेचं. तुमचंही. शिंपीण आहे म्हणाला.

शिंपीण : आहे म्हणाला?

ताई : आहे म्हणाला.

शिंपीण : एवढी सुई ओवून द्या. मला दिसेना झालंय.

ताई : आणा इकडे.

शिंपीण : रडत नाहीये मी. रडायला यायला पाहिजे, नाही? न्हावीणबाई तर गहिवरून अर्धी झाली असती. मला नुसतं दिसत नाहीये. आणि कान गरम झालेत.

ताई : मलाही येत नाही. महिना झाला. मी विचार करते, मी अशी कशी झाले.

शिंपीण : तुम्ही काय करणार? माणूस माझा होता. सासूबाई सुटल्या एकंदर. तेवढं एक बरं झालं. त्यांना नातू झालेला कळला असता तर त्यांची पंचाईत झाली असती. हसावं की रडावं. ओवली?

ताई : ओवली.

शिंपीण : द्या. महिनाभर माहीत होतं तुम्हाला?

ताई : हो.

शिंपीण : आणि आज सांगितलंत. खिडकी बंद व्हायच्या दिवशी.

ताई : आजही सांगणार नव्हते. प्रश्न वाचून, उत्तरं लिहून उठणार होते. तो एक प्रश्न मात्र मला वाचता आला नाही. तुम्ही ‘नक्की’ म्हणाला असता आणि मला खूण करावी लागली असती.

शिंपीण : म्हणालेच असते. विचार न करता म्हणते मी ते. पहिली दोन वर्षं करायचे विचार.

ताई : रागवा तरी, वहिनी.

शिंपीण : कुणावर? तुमच्यावर रागावले तर तुम्ही परत जाल आणि मी इथे एकटी. त्याच्यावर रागवायला तो समोर पाहिजे. उगीच हवेत काय हात मारायचे. तुमचं काय होणार आता?

ताई : सरांना सांगावं लागेल. नवीन अर्जातून माझं नाव निघेल.

शिंपीण : म्हणजे नोकरी गेली.

ताई : गेली.

शिंपीण : आगीतून फुफाट्यात. तुम्हाला काजं करता येतात का? नाही ना. शिकवून ठेवायला हवं होतं. सहा वर्षं नुसत्या बसून होता कापडांवर.

ताई : वहिनी, तुम्ही नक्की जाल ना?

शिंपीण : टिकलीला शाळेतून लवकर घेते आणि तशीच कचेरीत जाते. दोघींचे अंगठे लागतात म्हणे. अर्धे गणवेश झालेत, ते मुकादमाला देते. बाकीचे न्हावीणबाई करेल, तिला सरळ टीप येते. मशीन न्यायला देतात का?

ताई : नसतील देत.

शिंपीण : असू दे. तिथेही कपडे फाटत असतील लोकांचे. तुमच्या अर्जाचं काय, त्यात आम्ही पहिल्या पानावर आहोत ना? तुम्हीच सांगितलं होतंत एकदा, कौतुकाने.

ताई : ते काढावं लागेल. आता तुमचं घर गळलं असं लिहितील.

शिंपीण : लिहू देत. टिकलीला मी काय सांगू?

ताई : मला नाही सांगता येत.

शिंपीण : नका सांगू. मी बघेन. आज फक्त मैदानाचं सांगते. बाकीचं तिचं तिला एक दिवस कळेल, नाही कळलं तर मी सांगेन. आता नाही. आता तिला कपडे भरू देत आनंदाने.

ताई : मी बंदरावर जाणार आहे. त्याला शब्द दिला होता. तो मोडला हे मी त्याच्या तोंडावर सांगायला हवं. नोकरी असो नसो.

शिंपीण : परत जाणार त्याच्याकडे?

ताई : हो. सांगेन की तुम्हाला सगळं कळलंय, आणि तुम्ही दोघी गेलात. कुठे ते नाही सांगणार.

शिंपीण : तसलं काही सांगू नका.

ताई : मग काय सांगू?

शिंपीण : आम्ही गेलो तरी त्याला सांगा, ती आहे तिथेच आहे. रोज वाट बघते.